'बट' की 'हाउएव्हर', 'सो' की 'देअरफोर'? इंग्रजी बोलताना आणि लिहिताना काय निवडावं

'बट' आणि 'हाउएव्हर' या दोन्हींसाठी मराठीत 'पण' किंवा 'मात्र' चालतं. त्यामुळे एक काढून दुसरा बसवला तरी बिघडणार नाही, असं वाटतं. प्रत्यक्षात बिघडतं, आणि ते शब्द साधा की भारदस्त यावरून नव्हे, तर वाक्याच्या रचनेवरून. म्हणून ट्रान्झिशन वर्ड, म्हणजे दोन विचारांमधलं नातं दाखवणारा शब्द, निवडताना आधी व्याकरण बघावं, नंतर प्रसंग.

पहिला फरक: शब्द वाक्यं जोडतो का?

'बट', 'सो', 'अँड', 'ऑर', 'येट' ही उभयान्वयी अव्ययं आहेत. ती दोन पूर्ण वाक्यं स्वतः जोडतात. आधी स्वल्पविराम येतो, नंतर काहीही नाही: "द रूम इज स्मॉल, बट इट इज क्लीन."

'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोरओव्हर', 'अदरवाइज', 'नेव्हरदलेस' ही क्रियाविशेषणं. ती दोन विचारांमधलं नातं दाखवतात, पण वाक्यं जोडायचं काम त्यांचं नाही. ते काम विरामचिन्हाला करावं लागतं. आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम, आणि नंतर स्वल्पविराम: "द रूम इज स्मॉल; हाउएव्हर, इट इज क्लीन." इथे आधी नुसता स्वल्पविराम दिला की 'कॉमा स्प्लाइस' नावाची चूक होते. साधा 'बट' खोडून तिथे वजनदार शब्द टाकणाऱ्यांच्या लेखनात ही चूक हमखास सापडते, कारण शब्द बदलतो आणि विरामचिन्ह मात्र जुनंच राहतं.

शब्द कोणत्या गटातला, हे आठवत नसेल तर तो वाक्यात आत सरकवून बघा. "इट इज, हाउएव्हर, क्लीन" हे बरोबर इंग्रजी आहे. "इट इज, बट, क्लीन" हे नाही. जो शब्द असा सरकतो, त्याच्या आधी दोन वाक्यांच्या मध्ये नुसता स्वल्पविराम पुरत नाही.

'ऑलदो', 'बिकॉज', 'व्हाइल' यांचा तिसरा गट. हे शब्द ज्या वाक्यावर बसतात ते गौण होतं आणि एकटं उभं राहू शकत नाही. "ऑलदो द रूम इज स्मॉल." असं लिहून पूर्णविराम दिला तर वाक्य अर्धवट राहतं. 'डिस्पाइट', 'इन स्पाइट ऑफ', 'बिकॉज ऑफ' यांच्यापुढे मात्र नाम किंवा 'आयएनजी'चं रूप हवं. "डिस्पाइट द रेन" बरोबर, "डिस्पाइट इट वॉज रेनिंग" चूक. 'डिस्पाइट ऑफ' हा तर 'इन स्पाइट ऑफ'शी झालेला घोळ आहे. तो प्रयोग इंग्रजीत नाही.

बोलताना

बोलताना विरामचिन्हं ऐकू येत नाहीत, म्हणून वरच्या चुकांची भीती कमी. पण रोजच्या गप्पांत 'हाउएव्हर' आणि 'फर्दरमोअर' आले की माणूस कागद वाचून दाखवतोय असं वाटतं. तिथे 'बट', 'सो', 'ऑल्सो', 'दो' पुरे. 'दो' वाक्याच्या शेवटी येतो आणि कानाला अगदी सहज वाटतो: "इट इज क्लीन, दो." मराठी माणूस तो फारसा वापरत नाही, पण संभाषणासाठी सगळ्यात आधी उचलावा असा हा शब्द आहे.

ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. म्हणून मीटिंग किंवा सादरीकरणात एका शब्दापेक्षा आख्खं छोटं वाक्य जास्त उपयोगी पडतं: "लेट मी गिव्ह यू ॲन एक्झाम्पल", "दॅट ब्रिंग्ज मी टु द कॉस्ट", "देअर आर टू रीझन्स." दोन कारणं आहेत असं आधी सांगितलं की ऐकणारा दुसऱ्याची वाट बघतो आणि धागा सुटत नाही. लेखनात हीच वाक्यं बऱ्याचदा फापटपसारा ठरतात, कारण तिथे परिच्छेद बदललेला डोळ्यांना दिसतो.

'एनीवे' आणि 'बाय द वे' यांची दिशा उलटी आहे. मूळ विषय सोडून बाजूला जायचं तर 'बाय द वे'. परत यायचं किंवा बोलणं आवरतं घ्यायचं तर 'एनीवे'.

भारदस्त शब्द बोलायचेच असतील तर आघात सांभाळावा. 'हाउएव्हर'मध्ये जोर 'ए'वर, 'मोरओव्हर'मध्ये 'ओ'वर, 'देअरफोर'मध्ये मात्र पहिल्या 'देअर'वर. शब्दानंतर क्षणभर थांबावं. लेखनातल्या स्वल्पविरामाची जागा तीच.

लिहिताना

'देअरफोर' तर्कासाठी, 'ॲज अ रिझल्ट' घडलेल्या परिणामासाठी आणि 'सो' दोन्हींच्या साध्या रूपासाठी घ्यावा. सर्व्हर बंद पडला आणि ऑर्डर हरवल्या, तर 'ॲज अ रिझल्ट'. तिन्ही चाचण्या फसल्या, त्यावरून डिझाइन बदलायला हवं असा निष्कर्ष काढताय, तर 'देअरफोर'. औपचारिक ईमेलमध्ये 'सो'ने वाक्य सुरू करणं टाळावं. सहकाऱ्याला चॅटवर लिहिताना खुशाल करावं. 'बट'ने वाक्य सुरू करणं हा व्याकरणदोष नाही. शाळेत तसं शिकवलं गेलं असलं तरी चांगल्या इंग्रजी गद्यात ते सर्रास दिसतं. परीक्षेच्या निबंधात मात्र जपून.

'मोरओव्हर'चा गैरवापर सगळ्यात जास्त होतो. तो नुसता 'आणखी एक मुद्दा' नाही. आधीचा मुद्दा ज्या निष्कर्षाकडे नेतो, त्याच निष्कर्षाला आणखी बळ द्यायला तो येतो. लॅपटॉप हलका आहे, 'मोरओव्हर' बॅटरी दिवसभर टिकते: दोन्ही मुद्दे प्रवासाच्या सोयीकडे नेतात, म्हणून ठीक. लॅपटॉप हलका आहे, 'मोरओव्हर' तो काळा आहे: इथे 'ऑल्सो'च हवा. 'बिसाइड्स' बोलण्यात जास्त शोभतो. आधीच्या कारणाने पटत नसेल तर हे घ्या आणखी एक, असा त्याचा सूर असतो.

एक परिच्छेद जवळून बघू. "मेनी पीपल वर्क फ्रॉम होम. मोरओव्हर, दे सेव्ह टाइम. हाउएव्हर, दे फील लोन्ली. देअरफोर, कंपनीज शुड अरेंज मीटिंग्ज." विरामचिन्हं बिनचूक आहेत, तरी वाचताना प्रत्येक वाक्याला ठेच लागते. वेळ वाचणं हा घरून काम करण्याचा परिणाम आहे, त्याच्या जोडीचा मुद्दा नाही. म्हणजे 'मोरओव्हर' मुळातच चूक. आता हे बघा: "पीपल हू वर्क फ्रॉम होम सेव्ह ट्रॅव्हल टाइम, बट मेनी फील लोन्ली. रेग्युलर मीटिंग्ज कॅन ईज दिस लोन्लीनेस." तीन शब्द गेले, एक 'बट' आला. 'दिस लोन्लीनेस' या दोन शब्दांनी मागचं वाक्य पुढच्याला बांधलं. 'दिस' आणि पुढे नेमकं नाम, ही जोडणी पाठ केलेल्या कुठल्याही यादीपेक्षा भरवशाची आहे.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. लेखनाच्या चार निकषांपैकी 'कोहिअरन्स अँड कोहिजन' (सुसंगती आणि जोडणी) हा एक, आणि प्रत्येक लेखनकार्यात त्याचा वाटा २५ टक्के. जोडणाऱ्या शब्दांचा अतिरेक हा त्या गुणवर्णनात दोष म्हणून नोंदलेला आहे. सर्वोच्च ९ बँडचं (गुणपातळीचं) वर्णन तर असं आहे की जोडणीकडे वाचणाऱ्याचं लक्ष अगदी क्वचितच जावं. तेव्हा प्रत्येक वाक्याच्या तोंडी एक शब्द लावून गुण वाढतील या आशेवर राहू नये.

मराठीतून शिरणाऱ्या चुका

'जरी... तरी' ही जोडी मराठीत पूर्ण लागते. इंग्रजीत एकच बाजू घ्यायची: "ऑलदो इट रेन्ड, वी वेंट" किंवा "इट रेन्ड, बट वी वेंट." 'ऑलदो' आणि 'बट' एकत्र नकोत. तसंच 'बिकॉज'ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे पुन्हा 'सो' नको.

'शेवटी' या एका शब्दामागे इंग्रजीत तीन-चार वाटा फुटतात. मुद्द्यांमधला अखेरचा मुद्दा: 'लास्टली' किंवा 'फायनली'. खूप वाट बघून एकदाचं झालं: 'ॲट लास्ट'. बऱ्याच घडामोडींनंतर जे ठरलं ते: 'इन द एंड'. निबंधाचा अखेरचा मुद्दा 'ॲट लास्ट'ने सुरू केला तर लिहिणारा सुटकेचा निःश्वास टाकतोय असं वाटतं.

'उलट' म्हणताना आधीचं विधान खोडायचं असेल तरच 'ऑन द कॉन्ट्ररी'. फक्त दुसरी बाजू मांडायची असेल तर 'ऑन द अदर हँड'. 'म्हणजे' म्हणून 'मीन्स' बोलण्याची सवयही मोडावी. बोलण्यात 'आय मीन' आणि लेखनात 'दॅट इज' किंवा 'इन अदर वर्ड्स' घ्यावा.

मसुदा झाला की वाक्यांच्या सुरुवातीचे सगळे ट्रान्झिशन वर्ड्स अधोरेखित करा आणि एकेक झाकून वाचा. अर्थ तसाच राहिला तर शब्द काढा. दिशा बदलली तर ठेवा. दोन वाक्यांतलं नातं शब्द असूनही कळत नसेल, तर शब्द बदलण्याआधी वाक्यांचा क्रम बदलून बघा. बहुतेक वेळा गडबड तिथेच असते.