सेगा सिस्टिम १६बी, आठ महिन्यांचा वापर: बोर्ड दणकट, प्रोसेसर बॅटरीच्या भरवशावर

'गोल्डन अ‍ॅक्स' (१९८९) हा खेळ सेगाच्या या आर्केड बोर्डवर (नाणं टाकून खेळायच्या यंत्राच्या सर्किटवर) आठ महिने बिनतक्रार चालला आणि मग एके दिवशी पडद्यावर नुसता कचरा. मुख्य प्रोसेसर १० मेगाहर्ट्झचा ६८०००, आवाजासाठी झेड८० प्रोसेसर आणि यामाहाची वायएम२१५१ चिप हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात काही खोट नाही. खोट एकच, पण बाकी सगळ्यावर पाणी फिरवणारी.

माझ्याकडच्या खेळाच्या आवृत्तीत साध्या ६८०००ऐवजी एफडी१०९४ ही चिप आहे. त्याच ६४ पायांच्या पॅकेजमध्ये प्रोसेसर, सांकेतिक प्रोग्राम उलगडणारं सर्किट आणि ८ केबी रॅममध्ये ठेवलेली किल्ली. ही रॅम आतल्या लिथियम बॅटरीवर जगते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि नवी बॅटरी लावून ती परत येत नाही. चांगल्या हार्डवेअरला मुद्दाम लावलेली ही मुदत मला मान्य नाही.

लगेच चिपला दोष देऊ नका. आधी पाच व्होल्ट पॉवर सप्लायवर नाही, बोर्डवरच मोजा, ४.९च्या खाली असेल तरी अशीच लक्षणं दिसतात. मग चिपच्या १५ नंबरच्या पायावर क्लॉक (प्रोसेसरला ताल देणारा सिग्नल) पाहा, १८ वर रिसेट सिग्नल हाय (पाच व्होल्टच्या जवळ) आहे ना ते बघा. ईप्रॉम (खेळाचा प्रोग्राम साठवलेल्या चिप) रीडरवर वाचून मूळ डंपशी, म्हणजे मूळ प्रोग्रामच्या नकलेशी, ताडून घ्या. हे सगळं बरोबर असूनही १७ नंबरच्या पायावरचा हॉल्ट (प्रोसेसर थांबल्याचा सिग्नल) लो, म्हणजे शून्याजवळ, पडत असेल, तर किल्ली गेली असण्याचीच शक्यता जास्त.

उपाय: साधा ६८०००, १० किंवा १२ मेगाहर्ट्झचा (८चा नको), आणि उलगडलेला प्रोग्राम भरलेले नवे ईप्रॉम. ६८एचसी०००ही चालतो आणि कमी तापतो. प्रोग्रामचे सम आणि विषम बाइट वेगवेगळ्या ईप्रॉममध्ये असतात, ते अदलाबदलीने बसले तर काहीच सुरू होत नाही. चिपची खाच सॉकेटच्या खाचेशी जुळवा.

'उलगडलेला म्हणजे नकली' असं माझं आधी मत होतं. ते बदललं. एफडी१०९४ फक्त सूचना उलगडतो, डेटा जसाच्या तसा वाचतो. म्हणून नव्या ईप्रॉममध्ये कोणता शब्द सूचना आणि कोणता डेटा, हे कोणीतरी निवडून वेगळं काढावं लागतं. ते काम कसून केलेलं असेल तर खेळण्यात फरक जाणवत नाही. चेकसम (मजकूर तपासायची बेरीज) मात्र मूळ ईप्रॉमशी जुळणार नाही, त्याने घाबरू नका.

बॅटरी अजून जिवंत असेल तर चिप तशीच ठेवा, पण साधा ६८००० आणि भरलेले ईप्रॉम आजच डब्यात तयार ठेवा. आणि नव्याने घेत असाल तर याच खेळाची साधा ६८००० आणि इंटेल ८७५१ (एक छोटा मायक्रोकंट्रोलर) असलेली आवृत्ती शोधा. तिथे प्रोसेसरसाठी बॅटरी नाही, म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. एफडी१०९४वाला बोर्ड 'सुरू आहे' एवढ्यावर पूर्ण किंमत देऊ नका. आज सुरू असणं आणि पुढच्या दिवाळीला सुरू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.