ॲक्सेसचा डेटा गोडाऊनच्या पीसीवर: वर्षभर वापरून आलेला अनुभव

ॲक्सेस म्हणजे मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम; त्याची फाइल दुभंगून ज्यांनी वापरली आहे त्यांना मांडणी सांगायला नको. डेटा गोडाऊनच्या पीसीवर, काउंटरवर नुसते फॉर्म आणि लिंक केलेली टेबलं, म्हणजे त्या डेटाकडे बोट दाखवणारे दुवे. आमचं पंपाच्या स्पेअर पार्टांचं दुकान, चार पीसी. एक जुना पीसी गेला, नवा विंडोज 11 प्रो आला आणि पहिल्याच बिलाला अडला. म्हणे तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणात गेस्टला प्रवेश नाही. संस्था म्हणजे मी, काका आणि दोन पोरं! धोरण कुणी ठरवलं?

मायक्रोसॉफ्टनं. 2024 मध्ये आलेल्या विंडोज 11 च्या 24एच2 या आवृत्तीपासून प्रोमध्ये बिनपासवर्डचं गेस्ट कनेक्शन मुळातच बंद असतं. ते परत चालू करायचे उपाय नेटवर ढीगभर मिळतात आणि चिडून मी तेच करणार होते. पण आमच्या वायफायचा पासवर्ड दुकानात येणाऱ्या निम्म्या मेकॅनिकांना पाठ आहे. सगळ्यांची उधारी त्यांच्यापुढे उघडी टाकायची होय? तेव्हा यात मायक्रोसॉफ्टचं बरोबर आहे. गोडाऊनच्या पीसीवर वेगळा लोकल युजर काढला आणि त्याचं नाव-पासवर्ड नव्या पीसीच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) टाकलं. पिन तिथे चालत नाही, पासवर्डच लागतो. फोल्डर उघडला.

फाइल मात्र उघडेना. एरर नंबर 3051: फाइल दुसऱ्या कुणीतरी एक्सक्लुझिव्ह उघडली आहे, किंवा तुम्हाला परवानगी हवी आहे. या 'किंवा'पायी सकाळभर मी सगळ्यांना ॲक्सेस बंद करायला लावत बसले.

एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारातला टेक्निशियन, आला. "मॅडम, फाइलला फुल कंट्रोल दिलंय, आता येणारच नाही." त्या दिवशी एंट्रीही झाली, लगेच व्हिजिटचे पैसेही घेतले. शनिवारी काकांनी नेहमीप्रमाणे कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (फाइल आटोपशीर करायची ॲक्सेसची सोय) केलं आणि सोमवारी पुन्हा 3051. फोन केला तर म्हणतो, तुमची फाइल जुनी झाली, आता सर्व्हर घ्या. चार पीसींना सर्व्हर! साध्या विंडोजच्या शेअरला एका वेळी 20 कनेक्शनं चालतात.

मग फाइलच्या प्रॉपर्टीजमधला, कुणाला काय हक्क ते दाखवणारा सिक्युरिटी टॅब मीच उघडला. नव्या युजरचं नावच उडालेलं. कॉम्पॅक्ट जुन्या फाइलमध्ये काही दुरुस्त करत नाही, शेजारी नवी फाइल बनवून जुनीच्या जागी ठेवतं. नवी फाइल हक्क घेते ते फोल्डरकडून. फाइलवर टिचक्या मारून दिलेले हक्क त्यासरशी गेले.

म्हणून कळकळीनं सांगते, हक्क फोल्डरला द्या. मॉडिफाय (वाचणं, लिहिणं, पुसणं) पुरे, फुल कंट्रोल नको. फोल्डरलाच का? कारण नवी फाइल बनवणारं कॉम्पॅक्ट एकटंच नाही. पहिला माणूस फाइल उघडतो तेव्हा ॲक्सेस त्याच फोल्डरात एक चिमुकली लॉक फाइल बनवतं आणि शेवटचा बाहेर पडला की पुसतं. कोण कुठल्या रेकॉर्डवर बसलंय याची नोंद त्यातच. फोल्डरात नवी फाइल बनवायचा आणि पुसायचा हक्क नसेल तर डेटाच्या फाइलवर राजाचे अधिकार असून उपयोग नाही. आणि शेअरिंग टॅब (नेटवर्कवरून येणाऱ्यांचे हक्क) वेगळा, सिक्युरिटी टॅब वेगळा. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींत जो कडक तोच लागू. एकाच टॅबमध्ये एव्हरीवन (सगळ्यांना हक्क) टाकून हात झटकणारे टेक्निशियन मी आता दारातून परत पाठवते.

टेबलांची लिंकसुद्धा झेड ड्राइव्हवर, म्हणजे शेअर केलेल्या फोल्डरला प्रत्येक पीसीवर दिलेल्या अक्षरावर, ठेवू नका. एकाकडे झेड असतं, दुसऱ्याकडे वाय, आणि टेबलं सापडत नाहीत. ॲक्सेसच्या लिंक्ड टेबल मॅनेजरमधून पीसीच्या नावाचा पूर्ण पत्ता द्या.

रेटिंग: ॲक्सेसला चार तारे. पाचवा त्या 'किंवा'साठी कापला. फाइलची मर्यादा 2 जीबी, आमची अजून 200 एमबीही नाही, त्यामुळे सर्व्हरचे पैसे बँकेतच. एएमसी रिन्यू केलेलं नाही.