डावा घोटा, लेसचा ब्रेस आणि नऊ महिन्यांचं बॅडमिंटन

तीन वर्षांत चौथ्यांदा डावा घोटा मुरगळला, तेव्हा मी हा ब्रेस, म्हणजे घोट्याला बांधायचा आधार, घेतला. लेसने आवळायचा, वरून आठच्या आकड्यासारखे फिरणारे दोन पट्टे असलेला. आता नऊ महिने झाले आहेत आणि या काळात तो घालून दोन खुल्या स्पर्धा खेळले. वस्तू चांगली आहे, हे आधीच सांगते. पण मी ती चुकीच्या अपेक्षेने घेतली होती आणि त्यात माझे दोन महिने गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मी उजव्या हाताने, मुख्यतः एकेरी खेळते. मागच्या डाव्या कोपऱ्यातलं शटल डोक्यावरून घेतलं की शरीराचा सगळा भार डाव्या पायावर येतो. चारपैकी तीन वेळा पाय तिथेच गेला. बाहेरची कड आधी टेकली, तळवा आतल्या बाजूला वळला आणि घोट्याच्या बाहेरून कट्कन आवाज आला. ताणलं जातं ते बाहेरच्या बाजूचं पुढचं लिगामेंट, म्हणजे एटीएफएल. चौथ्या वेळी डॉक्टरांनी घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड, खालून ६ सेंटिमीटरपर्यंत, दाबून पाहिली, मग पावलाची दोन हाडं दाबली आणि चार पावलं चालायला लावलं. हाडावर दुखत नव्हतं आणि चालता येत होतं, त्यामुळे एक्स-रे लागला नाही. याला ओटावा नियम म्हणतात. फ्रॅक्चर नाही हे ऐकून मला इतकं हायसं वाटलं की पुढचं काही मी नीट ऐकलंच नाही.

ब्रेस आला आणि तिसऱ्या आठवड्यात मी कोर्टवर होते. दुखणं थांबलं होतं, स्पर्धा सात आठवड्यांवर होती आणि पाय घट्ट बांधलेला असला की भीती वाटत नव्हती. खेळताना खरोखरच काही झालं नाही. पण रोज रात्री घोट्याच्या बाहेरच्या हाडाखालचा खळगा भरून यायचा, सकाळी जिना उतरताना पहिल्या चार पायऱ्या आखडल्यासारख्या जायच्या. मी तिकडे दुर्लक्ष केलं. सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी, घरात, अनवाणी, उंबरठ्यावरून उतरताना पाय पुन्हा वळला. कोर्ट नाही, उडी नाही, प्रतिस्पर्धी नाही. ब्रेस बॅगेत होता.

त्या रात्री मी रडले. दुखत होतं म्हणून नाही. ज्या पायावर मला राज्यस्तरावर खेळायचं होतं, त्याला साधा उंबरठा ओलांडता येत नव्हता.

मग फिजिओकडे गेले. त्यांनी सगळ्यात आधी डोळे मिटून एका पायावर उभं केलं. उजव्यावर तीस सेकंद सहज झाले. डाव्यावर सातव्या सेकंदाला मी भिंत धरली. नंतर भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायला सांगितलं. उजवं पाऊल भिंतीपासून ११ सेंटिमीटरवर ठेवूनही गुडघा टेकत होता, डावं जेमतेम ६ वर. मी विचारलं, "ब्रेसमुळे स्नायू कमजोर झाले का?" त्या म्हणाल्या, "नाही. ब्रेस त्याचं काम करतोय. तुम्ही तुमचं केलं नाहीत. कोर्टवर तो घालाच, घरी मात्र अनवाणी व्यायाम. आणि स्पर्धेची तारीख धरून पाय बरा होत नसतो, पाय कुठे आहे ते बघून तारीख धरू."

मी त्या स्पर्धेतून नाव मागे घेतलं. दुहेरीतल्या जोडीदाराला फोन करणं हे या नऊ महिन्यांतलं सगळ्यात अवघड काम होतं.

त्यांनी समजावलेली एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. पाय अचानक वळला की पोटरीच्या बाहेरचे पेरोनियल स्नायू त्याला परत खेचायला बघतात, पण त्यांची हालचाल सुरू व्हायलाच साधारण ५० ते ८० मिलिसेकंद लागतात. तोवर घोटा बराच वळून गेलेला असतो. म्हणून स्नायू पाय टेकायच्या आधीच सावध असावे लागतात आणि ते सरावानेच येतं. ब्रेसचा उपयोग वेगळा. तो वळण्याची हद्द कमी करतो, पण घातला असेल तरच. नेदरलँड्समध्ये ३८४ खेळाडूंवर झालेल्या आणि २०१४ साली छापून आलेल्या चाचणीत, वर्षभरात घोटा पुन्हा मुरगळल्याचं सांगणारे खेळात ब्रेस वापरणाऱ्यांत १५ टक्के होते आणि फक्त आठ आठवडे तोल-सराव केलेल्यांत २७ टक्के. हे वाचून कुणी सराव सोडू नये. माझा पाचवा अपघात ब्रेसच्या वेळेबाहेरच झाला.

आता वस्तूबद्दल. मी माप घेतलं तेव्हा घोटा सुजलेला होता, ही पहिली चूक. महिन्याभराने सूज उतरली आणि ब्रेस सैल पडला, टाच आत सरकायला लागली. एक माप लहान घेतल्यावर फरक लगेच जाणवला. घालताना टाच पूर्ण मागे टेकवून, पाऊल काटकोनात ठेवून लेस ओढायची. पाऊल खाली सोडून बांधलं की उभं राहिल्यावर सगळं ढिलं पडतं. पट्ट्यांमध्ये महत्त्वाचा तो, जो तळव्याखालून येऊन बाहेरच्या बाजूने वर खेचला जातो. तो शेवटी आणि जोर लावून लावते. सुरुवातीला बांधायला पाच मिनिटं लागायची, आता दीड.

पहिले दोन आठवडे नेटवर लंज घेताना, म्हणजे लांब पाऊल टाकून पुढे वाकताना, नडगी पुढे झुकायला अडल्यासारखी वाटायची, नंतर सवय झाली. पावलाच्या वरच्या उंचवट्यावर लेसची गाठ घासून फोड आला होता. लांब, जाड मोजा आणि गाठ थोडी बाहेरच्या बाजूला, एवढ्याने तो त्रास संपला. नेहमीच्या बुटात ब्रेस मावत नाही. मला अर्धा नंबर मोठा बूट घ्यावा लागला, तो खर्च आधीच धरून ठेवा. आणि दुसऱ्या पायात तोच मोठा बूट सैल पडतो, तिथे मी दोन मोजे घालते.

टिकाऊपणात मी समाधानी नाही. सहाव्या महिन्यात वेल्क्रोत मोज्याची लव अडकून खालचा पट्टा तिसऱ्या गेममध्ये सुटायला लागला. जुन्या टूथब्रशने दर आठवड्याला घासलं की पकड बऱ्यापैकी परत येते. सातव्या महिन्यात लेस वरच्या भोकापाशी तुटली, तिथे साधी बुटाची लेस चालली. धुताना वेल्क्रो बंद करून गार पाण्यात हाताने धुते, सावलीत वाळवते. पूर्ण सुकायला दोन दिवस लागतात. ओला घातला की कातडी लाल होते आणि वास जाता जात नाही.

ओढून घालायचा इलॅस्टिकचा मोजाही माझ्याकडे आहे. ऊब आणि दाब मिळतो, पाय वळायचा थांबत नाही. टेपिंग पहिल्या गेमला छान असतं, घाम आला की सैल होतं आणि दर वेळी बांधणारा माणूस लागतो.

सराव मात्र ब्रेसपेक्षा जास्त वेळ खातो. दात घासताना एका पायावर, मग उशीवर, मग डोळे मिटून. एका पायावर टाच उचलणं, पावलात रबरी बँड अडकवून बाहेर खेचणं, आणि तिसऱ्या महिन्यापासून पायरीवरून उतरून एका पायावर स्थिर होणं. उतरताना माझा गुडघा आत पडतो, हे व्हिडिओत दिसलं, म्हणून कंबर आणि नितंबाची ताकदही त्यात आली. बास्केटबॉलच्या स्टीफन करीचा उजवा घोटा २०११ आणि २०१२ मध्ये शस्त्रक्रियेपर्यंत गेला होता, नंतर त्यानेही कंबरेच्या ताकदीवर भर दिला. हे कळल्यावर त्या कंटाळवाण्या व्यायामांत माझं मन लागलं.

पाचव्या महिन्यात पहिली स्पर्धा खेळले, दुसऱ्या फेरीत हरले. आठव्यात उपांत्य फेरी. त्या सामन्यात १८-१९ वर असताना शटल त्याच मागच्या डाव्या कोपऱ्यात गेलं. मी मागे गेले, उडी मारली, डाव्या पायावर उतरले आणि पुढच्या शटलसाठी नेटकडे निघालेसुद्धा. पाय टेकल्याचं लक्षात आलं ते रॅली संपल्यावर.

आज सकाळी भिंतीपाशी पुन्हा मोजलं. उजवा ११, डावा साडेदहा. डोळे मिटून डाव्यावर सव्वीस सेकंद. पुढची स्पर्धा पाच आठवड्यांवर आहे. नवा ब्रेस मागवला आहे, या वेळी सूज नसताना माप घेऊन.