गरम इंजिनाचा ट्रॅक्टर

मी बघायला गेलो तेव्हा ट्रॅक्टर चालूच होता. "आत्ताच रानातनं आणलाय, पावणं," दलाल म्हणाला, आणि मला ते खरं वाटलं.

तासगाव तालुक्यात आमची पावणेतीन एकर द्राक्षबाग आहे. दोन ओळींत साडेआठ फूट अंतर, वर मांडव, त्यामुळे मोठा ट्रॅक्टर आत फिरत नाही. आजवर फवारणी भाड्याच्या ब्लोअरवर, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्रावर, चालायची. पण पाऊस उघडला की सगळ्यांना एकाच दिवशी ब्लोअर लागतो, आणि डाऊनी, म्हणजे पानं-घडं खाणारी बुरशी, आपला नंबर यायची वाट बघत थांबत नाही. नवा मिनी ट्रॅक्टर आवाक्याबाहेर होता. म्हणून फळछाटणीच्या महिनाभर आधी जुना बघायला लागलो.

दाखवलेला ट्रॅक्टर २४ एचपीचा होता. रंग नवा, सीट नवी, मीटरवर १,१०० तास. आवाज एकसारखा, धूर नाही. त्यानं रस्त्यावर पळवून दाखवला, जागेवर वळवून दाखवला. ब्लोअर जोडून मात्र दाखवला नाही, आणि मीही मागितलं नाही. रिकामा ट्रॅक्टर रस्त्यावर कुणीही पळवून दाखवतो. पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, भरलेला ब्लोअर असला की इंजिनाची खरी ताकद कळते. क्लचच्या पेडलचं रबर झिजून आतलं लोखंड गुळगुळीत झालं होतं, ते मला दिसलं होतं. १,१०० तासांत पेडल असं होत नाही. एवढ्यावर मी तिथून उठायला हवं होतं. पण सौदा २ लाख ८५ हजारांवर आला होता, मनानं मी ट्रॅक्टर घरी नेला होता.

२ लाख ६० हजार रोख दिले, उरलेले कागद झाल्यावर. त्यात बायकोचे गंठण गहाण टाकून आणलेले पैसे होते.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑइल बदललं. नेहमीचं पंधरा-चाळीस नंबरचं इंजिन ऑइल घातलं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर तापल्यावर रेस कमी केली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि खालून टकटक ऐकू यायला लागली. काढलेलं ऑइल अजून डब्यात होतं. मेस्त्रीनं ते दोन बोटांत घेऊन चोळलं आणि म्हणाला, "हे इंजिनाचं न्हाय, गिअरचं हाय. नव्वद नंबर." घट्ट ऑइल घातलं की झिजलेल्या बेअरिंगचा आवाज दबतो, प्रेशर टिकल्यासारखं दिसतं. पण असलं इंजिन गारठ्यात सहजी उठत नाही, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधीच ते तापवून ठेवतात.

छाटणी तोंडावर होती. इंजिन उघडून बांधायला वेळ आणि पैसा दोन्ही नव्हते, म्हणून तसाच चालवला. छाटणीनंतर बाग पोंग्यातून, म्हणजे कोवळ्या फुटीतून, पाच-सहा पानांवर आली आणि परतीचा पाऊस सलग तीन दिवस लागला. चौथ्या दिवशी पहाटे टाकी भरून आत शिरलो. सातव्या ओळीत इंजिन जाम झालं. शेजाऱ्यांचा ब्लोअर त्यांची बाग उरकून आमच्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. तोवर पानांवर तेलकट डाग आणि घडांवर पांढरी बुरशी दिसायला लागली होती. फवारणी राहिलेल्या ओळींतले निम्म्याहून जास्त घड कुजून गेले. आबा रोज संध्याकाळी त्या ओळींतून एकटेच फिरून यायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

इंजिन उघडलं तेव्हा मेस्त्रीनं बेअरिंगचे तुकडे उलटे करून दाखवले. मागे ०.५० छापलेलं होतं. म्हणजे क्रँक, इंजिनाचा मुख्य दांडा, याआधीच घासून झाला होता आणि जास्त जाडीची बेअरिंगं बसवली होती. १,१०० तासांच्या ट्रॅक्टरला हे काम कशाला निघेल? मीटर बदललेला होता. बांधणीला ७८ हजार गेले.

कागदांचं तर वेगळंच. आरसीवर फायनान्सचा बोजा छापलेला होता. दलालानं सांगितलं होतं, "हप्ते फिटल्यात, एनओसी, ना-हरकत दाखला, आठ दिवसांत आणून देतो." मालकाच्या सहीचे नावबदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म मिळाले म्हणून मी निर्धास्त राहिलो. पण बोजा उतरवायला ३५ नंबरचा फॉर्म आणि फायनान्सची एनओसी लागते, त्याशिवाय ट्रॅक्टर आपल्या नावावर होत नाही. मूळ मालकाचे चार हप्ते थकले होते. वसुलीची माणसं थेट आमच्या दारात आली. मी राखून ठेवलेले २५ हजार आणि वर ३९ हजार घालून ते खातं बंद केलं. एनओसी मालकाच्या घरी जाऊ दिली नाही, मीच त्याला सोबत नेऊन फायनान्सच्या कचेरीतून हातात घेतली.

पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज दिलाय. विसारपावतीवर दलालाचं नाव नाही, फक्त मालकाचं आहे, आणि मालक म्हणतो मला दोन लाखच मिळाले. रोख मोजून घेताना दलाल एकटा होता. कुणी असा व्यवहार करत असाल तर पैसे बँकेतून, मालकाच्या खात्यावर द्या, आणि पावतीवर चेसिस नंबरासोबत मध्यस्थाचीही सही घ्या.

गेल्या महिन्यात पुतण्यासाठी एक मिनी बघायला गेलो. न सांगता, सकाळी सहाला. बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवला, गार होतं. सेल्फ मारला. पाचव्यांदा चालू झाला आणि अंगणभर पांढरा धूर पसरला. ऑइलचं झाकण काढलं तर तिथूनही भकाभका धूर येत होता. मालक म्हणाला, जरा तापू द्या, मग बघा. आम्ही दोघं मोटारसायकलवर बसलो आणि परत आलो.