वडापावची साखळी, धरमपेठ शाखा: गेलात तर नुसता वडा मागा

दुकानाचं नाव लिहीत नाही. चालवणारा पोरगा भला आहे आणि दोष त्याचा नाही.

वडापाव मुळात आपल्या नागपूरचा नाहीच. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी 1966 मध्ये तो सुरू केला असं सांगतात. आपल्याकडे सकाळी तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, घातलेला पोहा आणि दुपारनंतर कढी ओतलेला आलूबोंडा. तरी 2001 मध्ये मालाडला जम्बोकिंग, 2004 मध्ये कल्याणला गोली या वडापावच्या साखळ्या निघाल्या आणि तसल्या दुकानांचं पेव फुटलं. त्यातलंच हे एक. उघडलं तेव्हा रविवारी उभं राहायला जागा नसायची. हातमोजे घातलेली पोरं, काचेचं दार, एसी. गाडीवरच्या तेलाला नाक मुरडणारी आमची आईसुद्धा तिथे आवडीनं खायची.

आता? वडा कारखान्यातून गोठवून येतो आणि इथे फक्त तळला जातो. सगळ्या शाखांत एकच चव, हाच या धंद्याचा पाया. तेल नीट तापलेलं असेल तर ठीक. घाईत काढला की वरून लालबुंद आणि मधे गार गोळा. चटणी पाकिटातली, तीही गोड! तर्री रिचवणाऱ्या माणसाला हे कसं पुरणार? मी विचारलं, "भाऊ, ठेचा काहून नाही ठेवत?" म्हणाला, "काका, मेनू कंपनीचा आहे, बाहेरचं काही ठेवता येत नाही." दुकानाचं भाडं, कंपनीचं नाव वापरायची रॉयल्टी, मे महिन्याच्या 45 अंशांत रात्रंदिवस चालणाऱ्या फ्रीझरचं बिल, सगळं त्याच्या डोक्यावर; ठेचा ठेवायचा की नाही, हे मात्र वरून ठरतं.

गिऱ्हाईक घटलं तसा मेनू फुगला. पनीर बर्गर, मोमो, पास्ता, कोल्ड कॉफी. यातलं एकही धड नाही. ॲपवरून मागवाल तर डब्यातल्या वाफेनं पाव लोळागोळा होऊन येतो, पैसे वाया.

साखळीची दुकानं नागपूरला चालत नाहीत असं कोणी म्हणू नये. हल्दीरामकडे जाऊन बघा, बसायला जागा मिळवावी लागते.

जायचंच असेल तर संध्याकाळी सहाच्या सुमारास जा, तेव्हा कढई तापलेली असते. "ताजा तळून दे" म्हणा, तो देतो. पाव वेगळा शेकून घ्या, गोड चटणी नको म्हणून सांगा. तळलेली मिरची मागितली तर फुकट मिळते, तिचे पैसे कंपनीनं अजून लावलेले नाहीत. पाचपैकी दोन तारे, त्यातला एक त्या पोराला.