तिसऱ्या अलेक्झांडरची पेनी: १२५० वाली की १२८० वाली?

स्कॉटलंडच्या या राजाची हातोड्यानं ठोकलेली चांदीची पेनी घ्यायचीय पण कुठली, असं एका मित्रानं विचारलंय. किमतीत दुसरी, म्हणजे १२८० वाली, परवडते, कारण ती भरपूर मिळते, वाचायलाही सोपी, मागे सरळ 'रेक्स स्कोटोरम' (स्कॉट लोकांचा राजा). पण पहिलीच्या मागे दुहेरी रेघांचा क्रॉस आणि भोवती नाणं पाडणाऱ्याचं नि गावाचं नाव, बर्विक, पर्थ, अ‍ॅबरडीन, ते वाचता आलं की मला दुसरं काही नकोच वाटतं! दुसरीवर गाव नाही, मागे कोरलेल्या ताऱ्यांची टोकं मोजून टांकसाळीचा अंदाज बांधतात. विक्रेत्याचं "दुर्मीळ" सोडा, कडा कातरल्यात का, अक्षरं शाबूत आहेत का ते बघा. एकच स्वच्छ नाणं हवं तर दुसरी, गावागावांचा संग्रह करायचा तर पहिली.