शाळेनंतरचा विज्ञान वर्ग: सीएसआरचा पैसा की दरमहाचे देणगीदार?

शाळा सुटल्यावर मुलांना सर्किट जोडायला, सूक्ष्मदर्शकाखाली डबक्यातलं पाणी बघायला, थोडं कोडिंग करायला बसवणारे गट आता तालुक्याच्या गावांतही निघू लागले आहेत. पहिलं वर्ष हौसेवर आणि ओळखीपाळखीवर निघतं. दुसऱ्या वर्षी पैशाचा प्रश्न समोर येतो. बहुतेकांपुढे तेव्हा दोन वाटा असतात: जवळच्या एखाद्या कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कंपनीने सामाजिक कामासाठी काढून ठेवलेला पैसा, नाहीतर दरमहा थोडे थोडे पैसे देणारी माणसं. आम्ही दोन्ही करून पाहिलं आहे, म्हणून लिहितो आहे. तुमच्या गावाची परिस्थिती वेगळी असू शकते, हे धरूनच वाचा.

आधी बाकीचे पर्याय. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतली शाळेतली प्रयोगशाळा, तिच्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान असतं, पण ते शाळेला मिळतं, तुमच्या गटाला नाही. गावातल्या एखाद्या शाळेत अशी लॅब असेल, तर ती संध्याकाळी उघडी ठेवायला मुख्याध्यापकांना राजी करणं कोणत्याही निधीपेक्षा स्वस्त पडेल. मुलांकडून फी घेण्याचाही पर्याय आहेच. मात्र फी लावली की ज्यांच्यासाठी वर्ग काढला तीच मुलं आधी गळतात, म्हणून तो आम्ही बाजूला ठेवला.

आता सीएसआर. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपनीने नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे, हा नियम तुम्हाला माहीत असेलच. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की, थेट निधी घ्यायचा तर तुमच्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. शिवाय १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत), ८०जी (देणगीदाराला करसवलत) आणि सीएसआर-१ (सीएसआरचं काम घेण्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची) अशा नोंदण्या हव्यात. नवा गट असेल तर एखाद्या जुन्या न्यासाच्या छत्राखाली जाण्याला पर्याय नाही. जमेची बाजूही आहे. कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो, त्यामुळे शेजारच्या एमआयडीसीतल्या कारखान्यावर तुमचा हक्क मुंबईतल्या मोठ्या नावाजलेल्या संस्थेपेक्षा जास्त आहे. ज्या कंपनीचा वर्षाचा सीएसआर ५० लाखांच्या आत आहे, तिला वेगळी समिती नेमण्याची सक्ती नाही. निर्णय थेट संचालक मंडळ घेतं. अशा ठिकाणी मालक एकदा वर्गात येऊन मुलांमध्ये बसला तर निम्मं काम होतं. एका सहीत वर्षाचा खर्च सुटतो, हा मोह मोठा आहे, आणि त्यात चूक काही नाही.

मग माझं मन कुठे फिरलं? तारखांवर.

आपलं शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, कंपनीचं एप्रिलमध्ये. दोन महिन्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण एप्रिल-मेमध्ये कंपनीत मागच्या वर्षाचा हिशेब चाललेला असतो. आपला प्रस्ताव पावसाळ्यात जातो, संचालकांसमोर दिवाळीच्या आसपास येतो, मग पाहणी, मग करारनामा, मग राहिलेले कागद. आमच्या खात्यात पैसे जमा झाले तेव्हा जानेवारी संपत आला होता, आणि ३१ मार्चच्या आत ते खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं होतं. यात कंपनीच्या अधिकाऱ्याला दोष देता येत नाही. संस्थेला पैसे दिले म्हणजे खर्च झाला, असं २०२१च्या सुधारित नियमांनुसार धरता येत नाही. ते ठरल्या कामालाच लागले याची खात्री संचालकांनी करून घ्यायची आणि वित्तप्रमुखाने तसं प्रमाणित करायचं असतं. त्यामुळे मार्चमध्ये त्यांचा रोज फोन येणारच.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे काय असतं? बारावी, मग दहावी, पाठोपाठ खालच्या वर्गांच्या परीक्षा. संध्याकाळचा वर्ग निम्म्यावर येतो. आम्हाला पैसे हवे होते ते मुख्यतः शिकवणाऱ्या ताईंच्या मानधनासाठी. न झालेल्या महिन्यांचं मानधन आधीच देता येत नाही. मग मार्चच्या आत पैसे कशावर खर्च होतात? वस्तूंवर. थ्रीडी प्रिंटर आला, नवे टॅब्लेट आले, भिंतीवर कंपनीच्या नावाची पाटी लागली. जूनमध्ये वर्ग पुन्हा भरला तेव्हा कपाट भरलेलं होतं आणि ताईंना द्यायला पैसे नव्हते. त्यांनी एका खाजगी क्लासची नोकरी धरली, आणि धरू नये तर काय करावं? त्या गेल्यावर तो प्रिंटर चालवणारंच कोणी उरलं नाही. मुलं सामानासाठी येत नाहीत. ‘ताई, माझा एलईडी का लागत नाही?’ हे विचारायला समोर रोज तेच माणूस हवं असतं.

कायद्यात यावर सोय आहे, हे सांगायला हवं. कंपनीने तुमचं काम बहुवर्षीय, म्हणजे ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलं तर न वापरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या बँक खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. मोठ्या कंपन्या हे सहज करतात. पण आपल्यासारख्यांच्या लाख-दोन लाखांच्या कामासाठी वेगळं खातं उघडायला छोटी कंपनी सहसा तयार होत नाही, असा माझा तरी अनुभव आहे. सीएसआरचा पैसा संस्थेच्या कायम निधीत टाकणंही चालत नाही, त्यामुळे पुढची सोय म्हणून काही बाजूला ठेवावं तर तेही जमत नाही.

देणगीदारांची वाट सावकाश चालते. पहिल्या वर्षी जमलेली रक्कम पाहून कोणाचंही मन खट्टू होईल. यूपीआय ऑटोपे लावून घेतलं तरी काहींचं खातं बदलतं, काही जण थांबतात, आणि कोणाला आठवण करायची, कोणाला नाही, हे सांभाळायला एक समजूतदार माणूस लागतो. ८०जीची पावती द्यायची तर प्रत्येकाचा पॅन घेऊन वर्ष संपल्यावर मेअखेरपर्यंत विवरणपत्र भरावं लागतं, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. नवी करपद्धत घेतलेल्यांना तर ती मिळतच नाही, पण त्यामुळे आमचं कोणी थांबलं नाही. करासाठी देणारे यात मुळात थोडेच असतात. परदेशात गेलेले माजी विद्यार्थी उत्साहाने पुढे येतात, तेव्हा एक प्रश्न आधी विचारा: पासपोर्ट अजून भारतीय आहे ना? असेल तर त्यांच्या बचतीतून आलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. नागरिकत्व बदललेलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याचा सरकारी परवाना लागतो, आणि तो नसेल तर ते पैसे घेऊच नका.

एवढी कटकट असूनही माझा कल इकडेच आहे. कारण हे पैसे जूनमध्येही येतात. मेमध्ये वर्ग बंद असतो तेव्हाही येतात. धर्मादाय न्यासाला उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्या वर्षी कामाला लावावा लागतो. उरलेला १५ टक्के आम्ही जून-जुलैच्या मानधनासाठी राखून ठेवतो. आता शिकवणारा मुलगा टिकला आहे, आणि मागच्या वर्षी सातवीत असलेली मुलं यंदा त्याच्याकडेच आठवीचं काम घेऊन येतात.

तुमच्याकडे तीन-चार वर्षं जुनी संस्था असेल, हिशेब चोख असतील आणि खरी गरज खोलीची, संगणकांची, एकदाच लागणाऱ्या सामानाची असेल, तर सीएसआर नक्की घ्या. तिथे तो उत्तम बसतो. आम्हीही सूक्ष्मदर्शकांसाठी पुन्हा विचारणार आहोत. फक्त बोलणी सुरू होतानाच दोन गोष्टी लेखी मागा: पहिला हप्ता कोणत्या महिन्यात, आणि प्रकल्प एका वर्षाचा की ‘चालू’. शिकवणाऱ्याचं मानधन ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून पाच टक्क्यांत बसवा असं कोणी म्हणालं, तर ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, प्रकल्प राबवण्याच्या खर्चाला नाही, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. एवढ्यावर समोरून स्पष्ट उत्तर आलं नाही, तर मी तरी मानधन देणगीदारांच्या पैशांतूनच देईन.